'क्लीन अप'चे किती अर्थ आणि मराठीत ते कसे आणायचे?

मंजुळ
मंडळी, एका अमेरिकन मालिकेची मराठी उपशीर्षकं करताना 'क्लीन अप' हा शब्दप्रयोग सारखा आडवा येतोय. यंत्राने केलेल्या कच्च्या खर्ड्यात सगळीकडे 'स्वच्छ करणे' असा एकच ठोकळा बसवलेला आहे. खोली, ओटा, रस्ता असेल तर तो चालून जातो. बाकी ठिकाणी वाक्याचा जीव जातो. अडलेली पाच वाक्यं अशी:

१) ही क्लीन्ड अप ॲट द रेसेस.
२) क्लीन अप आफ्टर युवरसेल्फ. (सामाईक स्वयंपाकघरातली पाटी)
३) ही क्लीन्स अप वेल.
४) द न्यू मेयर प्रॉमिस्ड टू क्लीन अप द सिटी.
५) आय नीड अ क्लीनअप हिटर ऑन धिस टीम. (बोलणारी बाई वकील आहे, खेळाडू नाही)

ओळीला साधारण ४० अक्षरं आणि पडद्यावर दोनच ओळी, त्यामुळे समजावून सांगायला जागा नाही. नुसते प्रतिशब्द नकोत. कुठे काय वापरायचं हे ठरवायची काही रीत आहे का, तेही सांगा.

शाईपेन
रीत आहे. आधी कर्म शोधा. नुसत्या 'क्लीन'चं कर्म म्हणजे जी वस्तू स्वच्छ व्हायची ती: खिडकी, बूट, दात. 'क्लीन अप'चं कर्म दोन तऱ्हांचं असू शकतं. एक म्हणजे जागा (खोली, अंगण), आणि दुसरं म्हणजे ती घाणच. 'क्लीन अप द मिल्क' म्हणजे सांडलेलं दूध पुसून घे. इथला 'अप' काढला तर दूधच धुऊन काढायचं आहे असा विचित्र अर्थ होतो. मराठीत हा भेद क्रियापद बदलून होतो: जागा 'आवरतो', दूध 'पुसतो', काचा 'गोळा करतो', केर 'काढतो'. म्हणून कर्म हाती लागलं की निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट 'अप'ची. 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप' यांत तो 'संपवून टाकणे, पुरतं करणे' हे काम करतो. आपल्याकडे ते सहायक क्रियापद करतं: पुसून टाक, आवरून घे, उरकून काढ. 'खोली स्वच्छ करा' हे 'क्लीन द रूम'चं मराठी आहे. 'खोली आवरून टाका' हे 'क्लीन अप'च्या जास्त जवळ जातं.

लिहिण्याबद्दलही थोडं, कारण संहिता वाचताना उपयोगी पडतं. क्रियापद असेल तर दोन सुटे शब्द. नाम असेल तर अमेरिकेत जोडून एक शब्द आणि ब्रिटनमध्ये बहुधा मध्ये जोडरेघ. बोलताना नामात जोर 'क्लीन'वर पडतो. सर्वनाम आलं तर ते मध्येच घालावं लागतं: 'क्लीन इट अप' बरोबर, 'क्लीन अप इट' चूक. आपल्याकडची मुलं हे हमखास चुकतात.

यॉर्कर
पाचव्या वाक्याचं मी घेतो. बेसबॉलमध्ये फलंदाजीच्या क्रमात चौथ्या जागेवरच्या खेळाडूला 'क्लीनअप हिटर' म्हणतात. पहिले तिघे कसंही करून तळ (बेस) गाठतील असे निवडतात, म्हणजे नजर चांगली, पाय चपळ. मग चौथा येतो तो सगळ्यात ताकदीचा. त्याने लांब फटका मारायचा आणि तळांवर ताटकळलेल्यांना घरी आणायचं. तळ रिकामे होतात, म्हणून 'क्लीनअप'. तिन्ही तळ भरलेले असताना होम रन बसली तर एका फटक्यात चार धावा मिळतात.

क्रिकेटमधल्या चौथ्या क्रमांकाशी याची गल्लत करू नका. आपल्याकडचा चौथा डाव सावरतोही, तिथल्या चौथ्याचं काम फटका मारून वसुली करणं. वकीलबाईंना दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेल्या खटल्याचा निकाल लावणारा माणूस हवाय.

अवांतर: क्रिकेट समालोचनात 'क्लीन्ड हिम अप' म्हणजे त्रिफळा उडवला. तिथे 'साफ केलं' असं लिहाल तर वाचक गोंधळेल. 'दांडी गुल' हा वर्षानुवर्षं चाललेला शब्द आहे. आणि 'मॉप्ड अप द टेल' असेल तर 'शेपूट गुंडाळलं'.

तांबडा_पांढरा
पहिल्या वाक्याला 'रेसमध्ये त्याने बक्कळ कमावलं'. चार शब्दांत काम तमाम.

मंजुळ
@तांबडा_पांढरा, 'बक्कळ' आवडला. पण इथे एका दिवसात, एका बैठकीत सगळं ओढून घेतल्याचा भाव आहे. 'कमावलं'मध्ये मेहनत दिसते.

तांबडा_पांढरा
मग 'गल्ला मारला'. किंवा 'रेसला बक्कळ पैसा ओढला'.

सोनचाफा
'क्लीन अप' म्हणजे रग्गड पैसा, हे सोन्याच्या खाणींकडे पाहिलं की चटकन पटतं. तिथे 'क्लीन-अप' हा रोजच्या वापरातला कामाचा शब्द होता.

नदीकाठच्या वाळूतून सोनं काढायला लाकडाची लांब उतरती पन्हळ करत. तिच्या तळाला आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असत. वरून फावड्याने वाळू-गोटे टाकायचे आणि पाणी सोडायचं. सोन्याची घनता पाण्याच्या १९ पट, वाळूची जेमतेम अडीच पट. त्यामुळे वाळू वाहून जाते आणि सोनं पट्ट्यांच्या मागे तळाला बसतं. अगदी बारीक कण वाहून जाऊ नयेत म्हणून पट्ट्यांमागे पारा ओतत, तो सोन्याला धरून ठेवतो. असं काही दिवस चालवलं की पाणी बंद करायचं, पट्ट्या उचकटायच्या, तळाचा काळा गाळ खरवडून घ्यायचा आणि थाळीत पाखडायचा. मग पाऱ्याचा गोळा कातड्यातून पिळायचा, उरलेला भट्टीत तापवायचा. पारा उडून जातो आणि सोनं हातात येतं. पट्ट्या उचकटण्यापासून पुढच्या या सगळ्या कामाला 'क्लीन-अप' म्हणत.

कॅनडातल्या क्लोंडाइकमध्ये तर वर्षभराचा हिशेब याच्यावर असे. तिथे सोनं सापडलं १८९६ च्या ऑगस्टमध्ये. हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठलेली, म्हणून जाळ करून ती वितळवायची आणि खणलेल्या मातीचे ढीग रचून ठेवायचे. धुवायला पाणीच नसे, ते वसंतात बर्फ वितळल्यावर मिळे. तोवर आपल्या ढिगात किती सोनं आहे हे मालकालाही नक्की माहीत नसायचं. वसंतातल्या 'क्लीन-अप'ला एकदम कळायचं की माणूस श्रीमंत झाला की बुडाला.

आपल्याकडे याला लागून असलेला शब्द आहे झारेकरी. सराफकट्ट्यावरची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे. झाडूने गोळा होतं तेच त्यांचं भांडवल.

शाईपेन
@सोनचाफा, फार छान. झारेकरी आजच्या उपशीर्षकात चालणार नाही, पण अर्थ डोक्यात पक्का बसतो: साफसफाई करताना हातात काय उरतं, तिकडे लक्ष.

कळफलक
सॉफ्टवेअरच्या मराठीकरणात या शब्दाचा वेगळाच त्रास आहे. विंडोज ९८ पासून 'डिस्क क्लीनअप' लोकांच्या परिचयाचं आहे, आता फोनमध्येही 'क्लीन अप' नावाची बटणं असतात. तिथे 'स्वच्छ करा' लिहिलं की वापरणारा दचकतो. काय जाणार? फोटो जाणार का? म्हणून बटणावर परिणाम लिहावा: 'जागा मोकळी करा', 'तात्पुरत्या फायली काढून टाका'. 'स्वच्छ' हा शब्द स्क्रीन पुसण्याच्या सूचनेसाठी राखून ठेवावा.

व्याकरणाचा एक सापळा नवीन लोकांना माहीत नसतो. मूळ वाक्यात कर्माच्या जागी रिकामी खूण असते आणि प्रोग्राम तिथे 'फोल्डर', 'फायली', 'कॅशे' असे शब्द भरतो. मराठी 'अमुकची सफाई' असं केलंत तर सामान्यरूप आडवं येतं. 'फायली'चं 'फायलींची' व्हायला हवं, पण प्रोग्राम 'फायलीची' असं एकवचन छापून मोकळा होतो. त्याऐवजी 'अमुक साफ करा', 'अमुक काढून टाका' अशी क्रियापदाची रचना घ्या. निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही, त्यामुळे कुठलाही शब्द आला तरी वाक्य मोडत नाही. 'साफ केले' असा भूतकाळी संदेश मात्र टाळा. तिथे क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं: कॅशे साफ केला, फायली साफ केल्या, फोल्डर साफ केलं. 'सफाई पूर्ण झाली' लिहिलं की प्रश्न मिटला.

प्रोग्रामरच्या बोलण्यातला 'क्लीनअप' आणखी निराळा. काम झाल्यावर उघडलेली फाईल बंद करणं, घेतलेली मेमरी परत देणं. त्याला 'आवरासावर' नेमका बसतो.

कॅलामाईन
भारतातला सगळ्यात घरोघरी पोचलेला अर्थ कुणीच घेतला नाही! पार्लरमधलं 'क्लीनअप'. हा वापर आपल्याकडचा आहे. लंडनच्या पार्लरमध्ये जाऊन 'क्लीनअप करायचंय' म्हटलं तर समोरची व्यक्ती काय ते विचारेल.

क्लीनअप म्हणजे फेशियलचं आटोपशीर रूप. क्लिन्झिंग मिल्कने चेहरा पुसायचा, मग दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने स्क्रब, मग पाचेक मिनिटं वाफ, लगेच नाक-हनुवटीवरचे ब्लॅकहेड्स काढायचे, टोनर, आणि शेवटी १० ते १५ मिनिटं पॅक. अर्ध्या-पाऊण तासात बाई मोकळी. फेशियलमध्ये यावर क्रीमचा सावकाश मसाज असतो, तोच मोठा फरक.

बिघडतं कुठे? स्क्रब रगडला की दुसऱ्या दिवशी चेहरा लाल. पिकलेल्या पुटकुळ्यांवर वाफ आणि स्क्रब देऊच नये, त्या फुटतात आणि डाग राहतात. ब्लॅकहेड्स काढायला उशीर केला तर त्वचा थंड होते, मग जोर लावावा लागतो. चेहऱ्याचं वॅक्सिंग त्याच दिवशी आधी केलं असेल तर स्क्रब झोंबतो.

मराठीत लिहिताना 'क्लीनअप'च लिहा. 'मुखस्वच्छता' म्हणाल तर लोकांना दात आठवतील :)

पाटीवाचक
मुंबईत आणखी एक: 'क्लीन-अप मार्शल'. रस्त्यावर थुंकणाऱ्याला, कचरा टाकणाऱ्याला पकडून ते दंडाची पावती फाडत. करोनाच्या काळात मास्क नसलेल्यांकडून २०० रुपये घेत, तेव्हा तर हा शब्द घराघरांत गेला. मराठी वर्तमानपत्रं 'क्लीन-अप मार्शल' असंच छापतात आणि ते बरोबर आहे. पदाचं नाव भाषांतरित करून काही मिळत नाही.

दुसऱ्या वाक्यासाठी पाटीची भाषा हवी. 'स्वतःनंतर स्वच्छ करा' हे मराठी नाहीच. आपल्याकडची पाटी अशी असते: 'वापरानंतर ओटा पुसून, भांडी घासून जागेवर ठेवावीत.' कोणी करायचं हे सांगायची गरजच पडत नाही, 'ठेवावीत'मध्ये ते येतं.

तांबडा_पांढरा
+१. आणि तीच गोष्ट रागाने म्हटली तर 'क्लीनिंग अप आफ्टर यू' म्हणजे 'तुझं निस्तरत बसायचं'. 'तुझी उष्टी काढायची' आणखी झोंबरं. पाटीवर एक, भांडणात दुसरं.

खारफुटी
पर्यावरणातला 'क्लीनअप' वेगळा धरा. किनाऱ्यावर लोक जमून प्लास्टिक उचलतात ती 'स्वच्छता मोहीम'. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अफरोज शाह यांनी २०१५ च्या ऑक्टोबरात सुरू केलेलं काम जगभर 'बीच क्लीन-अप' म्हणून गाजलं, पण मराठीत त्याला 'श्रमदान' म्हटलं की अंगमेहनत आणि स्वेच्छा दोन्ही येतात. गाडगेबाबांच्या हातातल्या खराट्यामुळे त्या शब्दाला आपल्याकडे वजनही आहे.

तेलगळतीनंतरचा 'क्लीनअप' हे मात्र तांत्रिक काम आहे. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, तेव्हाच्या बातम्यांत सरसकट 'समुद्र स्वच्छ करण्याचे काम' असं यायचं. त्यात किमान तीन वेगळी कामं असतात. तरंगत्या बांधाने तेल अडवणं, पाण्यावरचा तवंग खेचून घेणं, आणि किनाऱ्याला लागलेलं काढणं. खारफुटीत तर पुष्कळदा माणसं न पाठवणंच शहाणपणाचं. चिखल तुडवला की वरचं तेल मुळांपर्यंत दाबलं जातं आणि तिथे प्राणवायू नसल्याने वर्षानुवर्षं सडत नाही. म्हणून कमी दाबाच्या पाण्याने हळूच बाहेर ढकलतात, किंवा भरती-ओहोटीवर सोडून देतात. अशा मजकुरात 'तेल हटवणे', 'तेल काढून घेणे' लिहा. 'स्वच्छ झाले' असं तर लिहूच नका. तिथे 'यापुढे काढायला गेलो तर अपाय जास्त' अशी एक रेषा ठरवून काम थांबवलेलं असतं.

द्राक्षवेल
प्रयोगशाळेतलाही घ्या. नाशिककडची निर्यातीची द्राक्षं कीटकनाशकांच्या अंशांसाठी तपासतात, त्यात 'क्लीनअप' नावाचा एक टप्पा असतो. भाषांतरात त्याचं 'शुद्धीकरण' होतं आणि वाचणाऱ्या शेतकऱ्याला वाटतं द्राक्षं धुतली.

होतं ते असं. द्राक्षं वाटून एकजीव करतात. जगभर चालणाऱ्या क्वेचर्स पद्धतीच्या मूळ कृतीत त्यातले १० ग्रॅम घेऊन १० मिली ॲसिटोनायट्राइल नावाचं द्रावक घालतात, मग ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ घालून मिनिटभर जोरात हलवतात आणि फिरवून थर वेगळे करतात. औषधाचे अंश वरच्या थरात येतात, पण त्यांच्याबरोबर साखर, आम्लं, रंगही येतात. आता क्लीनअप: वरच्या थरातलं १ मिली घेऊन त्यात १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि २५ मिलिग्रॅम पीएसए नावाची भुकटी घालायची, हलवायचं, पुन्हा फिरवायचं. पीएसए साखर आणि आम्लं धरून बसते. वरचा निवळ द्राव यंत्रात जातो.

काळ्या द्राक्षांचा रंग काढायला कोळशाची भुकटी घालतात, पण ती जास्त झाली की चपट्या रेणूंची काही कीटकनाशकंही शोषून घेते आणि अहवालात अंश खरे असतील त्यापेक्षा कमी दिसतात. क्लीनअप कमी झाला तर साखरेने यंत्राचं तोंड चिकटतं आणि आकडे हलायला लागतात. इथे 'नको ते घटक काढणे' एवढंच लिहावं. सगळं शुद्ध करायचं नसतं, जे मोजायचंय ते शिल्लक राहायला हवं.

पेगबार
@द्राक्षवेल, तुमचं शेवटचं वाक्य ॲनिमेशनला जसंच्या तसं लागू. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये आधी रफ रेखाटनं होतात, दहा रेघांतली एक खरी. क्लीनअप आर्टिस्ट ते चित्र लाइट टेबलवर पेगबारला (कागद जागेवर धरणाऱ्या खुंट्यांच्या पट्टीला) अडकवतो, वर कोरा कागद ठेवतो आणि मॉडेल शीटप्रमाणे एकच स्वच्छ रेघ ओढतो. नाकाची लांबी, डोळ्यांतलं अंतर पात्राच्या ठरलेल्या मापात बसवतो. मग मधली चित्रं, मग रंग. जो क्लीनअप रफमधला झोक मारून टाकतो तो वाईट. रेघ सुंदर, पात्र मढं. स्टुडिओत सगळे 'क्लीनअप'च म्हणतात. लेखात समजवायचं तर 'पक्की रेघ'.

व्हीएफएक्समध्ये, म्हणजे चित्रीकरणानंतर संगणकावर दृश्यं बदलण्याच्या कामात, त्याच शब्दाचा अर्थ पुसणे. स्टंटच्या दोऱ्या, माइकचा दांडा, चुकून फ्रेममध्ये आलेली गाडी.

हिशेबनीस
बँकांच्या बातम्यांतही हा शब्द सांभाळून वापरावा लागतो. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मालमत्तेच्या गुणवत्तेची तपासणी सुरू केली, तेव्हापासून 'बॅलन्स शीट क्लीन-अप' रुळलं. 'ताळेबंद स्वच्छ करणे' चालतं. पण त्या नादात 'कर्ज निर्लेखित केले' याचं 'कर्ज माफ केले' होतं आणि वादंग माजतात. निर्लेखनात बँक ते कर्ज आपल्या पुस्तकातून काढते, वसुलीचा हक्क सोडत नाही. कर्जमाफीत कर्जदार सुटतो.

शेजारचा 'मॉप अप': रिझर्व्ह बँक जादा पैसा 'मॉप अप' करते तेव्हा मराठीत 'शोषून घेते'. फडक्याची कल्पना मराठीतही शाबूत राहिली. लष्कराच्या 'मॉपिंग अप'ला तेच लावू नका, तिथे 'उरलेसुरले शत्रू हुडकून काढणे'. हल्ली सगळीकडे 'सफाया' लिहितात, ती हिंदी बातम्यांची सवय आहे.

कळफलक
'सफाया'बद्दल असहमत. मराठीत तो आता पुरता मुरलाय. निवडणुकीच्या बातमीत त्याच्याइतका आटोपशीर शब्द सुचवा.

हिशेबनीस
'धुव्वा उडवला'. आणि पुरस्कार, पदकं असतील तर 'लयलूट'. 'क्लीन्ड अप ॲट द अवॉर्ड्स'ला 'पुरस्कारांची लयलूट केली' यापेक्षा चांगलं मराठी शोधून मिळणार नाही.

कळफलक
'धुव्वा'त हरणारा दिसतो, 'सफाया'त एकही न उरणं दिसतं. दोन्ही राहू द्या.

एडिनबरा_ते_पुणे
ब्रिटिश-अमेरिकन फरकही लक्षात घ्या, मालिकांत फार पाय अडखळतो. ब्रिटनमध्ये 'वॉश अप' म्हणजे जेवणानंतर भांडी घासणे. अमेरिकेत तेच जेवणाआधी हात-तोंड धुणे. एकाच वाक्याचं 'भांडी घास' आणि 'हातपाय धुऊन ये' असं दोन टोकांचं मराठी होतं. अमेरिकन आई 'पिक अप युवर रूम' म्हणते तेव्हा काही उचलायचं नसतं, पसारा आवरायचा असतो. ब्रिटिश आई 'टायडी अप' म्हणते. 'टायडी'त फडकं-पाणी नाही, फक्त वस्तू जागेवर. पश्चिम पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गकडे, 'रेड अप' ऐकू येतं. तो स्कॉटिश शब्द आहे, लाल रंगाशी संबंध नाही.

'टायडी'चं मूळ 'टाइड'मध्ये, म्हणजे वेळ. आधी त्याचा अर्थ 'वेळेवरचं' होता, नीटनेटकेपणा नंतर आला. 'टायडी सम' म्हणजे बऱ्यापैकी रक्कम. आणि वेल्समध्ये कुणी नुसतं 'टायडी!' म्हटलं तर 'झकास!'.

'क्लिअर अप' यात मिसळू नका. आभाळ निवळतं, पुरळ बरं होतं, गैरसमज दूर होतो, तिन्हीला तोच. 'क्लीन आउट' म्हणजे रिकामं करणं: कपाट असेल तर 'काढलं', माणूस असेल तर 'पार धुतला'.

मंजुळ
'वेळेवर' आणि 'नीटनेटकं' एकाच शब्दात, हे आपल्या 'आवर'सारखंच झालं! 'आवर लवकर' म्हणजे घाई कर, 'खोली आवर', 'मी आवरून येते' म्हणजे तयार होऊन, 'स्वतःला आवर' म्हणजे ताबा ठेव.

शाईपेन
नेमकं! आणि तिसऱ्या वाक्याची किल्ली तिथेच आहे. 'ही क्लीन्स अप वेल' ही अर्धीच स्तुती असते. एरवी गबाळा, पण आवरलं की छान. 'आवरून आला की काय रुबाबदार दिसतो!' यात एरवीचं न बोलता कळतं. नुसतं 'तो देखणा दिसतो' केलं तर ती मेख निघून जाते.

'क्लीन अप युवर ॲक्ट' आलं तर मात्र 'आवर' नको. तिथे 'ताळ्यावर ये', किंवा थोड्या मायेने 'वागणं सुधार'.

गोंयकार
थोडं अवांतर. कोंकणीत स्वच्छ म्हणजे 'नितळ'. सरकारी मोहिमेतसुद्धा 'नितळ गोंय' लिहितात. मराठीत 'नितळ' पाण्याला आणि त्वचेला लागतो, गावाला लागत नाही. गोव्यातल्या मराठी पत्रांत मात्र गावालाही लागलेला दिसतो.

पाटीवाचक
चौथं वाक्य राहिलंच की. 'शहर क्लीन अप' म्हणजे कचरा की गुंड?

खारफुटी
संदर्भाशिवाय सांगता येणार नाही. @मंजुळ, पुढचं वाक्य काय आहे?

मंजुळ
पुढे तो म्हणतो, जुगाराचे अड्डे बंद होतील आणि पोलिसप्रमुख बदलला जाईल.

पाटीवाचक
मग गुंड. 'नव्या महापौरांनी शहरातली गुंडगिरी मोडून काढायचं वचन दिलं'. पण एक खाच आहे. मुंबई-पुण्याचा वाचक 'महापौर' वाचून थबकेल, कारण आपल्याकडे महापौराच्या हातात पोलीस नसतात, पालिकेचा कारभारसुद्धा आयुक्त चालवतात. अमेरिकेत पुष्कळ शहरांत पोलिसप्रमुखाची नेमणूक महापौर करतो. शब्द 'महापौर'च ठेवा, पण 'पोलिसप्रमुख बदलणार' हे वाक्य काटछाटीत उडवू नका. त्यावरूनच त्याचे अधिकार कळतात.

तांबडा_पांढरा
गुंडगिरीत जुगार बसत नाही हो. 'गैरधंदे' घ्या. 'शहरातले गैरधंदे मोडून काढणार, असं नवे महापौर म्हणालेत.' दोन ओळींत बसतं.

मंजुळ
'गैरधंदे' एकदम चपखल, घेतलं. आतापर्यंतचा हिशेब: १) 'रेसला बक्कळ पैसा ओढला त्याने.' २) पाटीवाचकांची पाटी जशीच्या तशी. ३) 'आवरून आला की काय रुबाबदार दिसतो!' ४) वरचं. पाचव्याला 'मला निकाल लावणारा गडी हवाय' लिहिलंय, पण 'निकाल लावणे'चा मराठीत संपवून टाकणे असाही अर्थ होतो. वकिलाच्या तोंडी तो नको.

यॉर्कर
आणि खेळाची प्रतिमाही गेली. ती याच भागात पुन्हा येते का? येत असेल तर खेळ सोडू नका, नाहीतर पुढचं वाक्य अधांतरी राहील.

मंजुळ
येते. सहकारी म्हणतो, 'देन यू बेटर गेट समवन ऑन बेस फर्स्ट.'

यॉर्कर
म्हणजे 'आधी कुणाला तरी तळावर पोचव'. बेसबॉल ठेवावा लागणार, पण अनोळखी पारिभाषिक शब्द टाळता येतील:

'मला संघात एक हुकमी फटकेबाज हवाय.'
'मग आधी धावायला कुणीतरी उभं कर.'

'हुकमी'मुळे नेमक्या वेळी फटका बसणारच हे येतं, आणि दुसऱ्या वाक्यात फटक्याआधी धावणारे लागतात हेही. बेसबॉल माहीत नसला तरी वाचक अडत नाही. दोन्ही ओळी ४० च्या आत.

मंजुळ
घेतलं. 'संघात'च्या जागी 'टीममध्ये' करते, वकिलांच्या कचेरीत तेच बोलतात.